सरकारी रोख्यांसाठी खातं: कोण उघडू शकतं, काय लागतं, कुठे अडतं

४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल येत होते आणि सेन्सेक्स एका दिवसात ४,३८९ अंकांनी आपटला. अशा दिवसानंतर ‘शेअर पुरे, आता बाँड’ म्हणणारे वाढतात. विचार चुकीचा नाही, पण बाँड (म्हणजेच रोखा, सरकारला ठरावीक मुदतीसाठी दिलेलं कर्ज) म्हणजे एफडी नव्हे. व्याजदर चढले की आधी घेतलेल्या रोख्याचा बाजारभाव उतरतो. दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा-दर एक टक्क्याने वाढला, तर भाव साधारण सात टक्के पडतो. मुदत संपेपर्यंत थांबलात तर दर्शनी किंमत पूर्ण मिळते. मध्येच विकलात तर त्या दिवसाचा भाव. तेव्हा पैसे कधी लागणार, हे अर्जाआधी ठरवा.

पुणेकरांना सुरक्षिततेचा मुद्दा वेगळा सांगायला नको. पुण्यातल्या रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. बँकेतल्या ठेवीला विमा पाच लाखांपर्यंत; केंद्र सरकारच्या रोख्यामागे मात्र सरकार स्वतः उभं असतं, रक्कम कितीही असो.

हे रोखे थेट घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेची ‘रिटेल डायरेक्ट’ योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून सुरू आहे. पोर्टल आहे, मोबाइल ॲपही आहे. खातं उघडायला आणि चालवायला शुल्क नाही, डीमॅट लागत नाही. पेमेंट गेटवेचा आकार असेल तर तो तेवढा आपला.

पात्रता सोपी आहे. व्यक्ती म्हणून अर्ज करायचा. भारतातलं रुपयातलं बचत खातं, पॅन, केवायसीसाठी आधारसारखा अधिकृत पुरावा, ईमेल आणि मोबाइल नंबर हवा. फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत बसणारे अनिवासी भारतीयही चालतात. पती-पत्नींना संयुक्त खातं काढता येतं, मात्र दोघांचीही केवायसी होते. कोऱ्या कागदावरच्या सहीचा फोटो, रद्द केलेला चेक आणि वारसाचे तपशील हाताशी ठेवा.

अर्ज अडतो तो बहुधा नावावरून. आपल्याकडे पॅनवर नाव-वडील-आडनाव, बँकेत आडनाव आधी, आधारवर मधलं नावच नाही, असा मेळ सर्रास दिसतो. लग्नानंतर आधार बदललं पण पॅन माहेरच्याच नावाचं, हे तर घरोघरी. आधी नावं जुळवून घ्या आणि मगच फॉर्म उघडा. व्हिडिओ केवायसी करावी लागली तर मूळ पॅन समोर ठेवून उजेडात बसा.

खातं सुरू झालं की किमान १०,००० रुपये आणि त्याच्या पटीत खरेदी. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांचा (केंद्र सरकारच्या अल्प मुदतीच्या रोख्यांचा) लिलाव सहसा बुधवारी होतो, केंद्राच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा शुक्रवारी, राज्यांच्या रोख्यांचा मंगळवारी. त्यात महाराष्ट्राचेही असतात. बोली आदल्या दिवसापर्यंत लावून ठेवलेली बरी. दर आपण सांगायचा नाही, मोठ्या बोलीदारांच्या यशस्वी बोलींची भारित सरासरी आपल्याला लागू होते. पैसे बोलीसोबतच भरायचे. वर्षभरात लागणाऱ्या रकमेसाठी मी ट्रेझरी बिलापलीकडे जाणार नाही.

भावाची चढउतार मुळीच नको असेल तर फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँड बघा. किमान १,००० रुपये, मुदत सात वर्षं, दर पोस्टाच्या एनएससीपेक्षा (राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा) ०.३५ टक्के जास्त आणि दर सहा महिन्यांनी नव्याने ठरणारा. स्टेट बँक किंवा बँक ऑफ महाराष्ट्रसारख्या राष्ट्रीयीकृत बँकेतही अर्ज करता येतो. पण ते विकता येत नाहीत, आणि मुदतीआधी मोडण्याची सोय फक्त साठीपुढच्यांना, तीही वयानुसार चार ते सहा वर्षांनंतर.

सरकारी रोखे आणि सेव्हिंग्ज बाँड, दोन्हींच्या व्याजावर तुमच्या स्लॅबनुसार कर लागतो. सेव्हिंग्ज बाँडवर टीडीएसही कापला जातो, तेव्हा रिटर्न भरताना २६एएस (कापलेल्या कराची नोंद दाखवणारं आयकर खात्याचं विवरण) तपासा.