मॉरिशसचे किनारे आणि भूदृश्ये

मॉरिशस हे हिंदी महासागरातले, मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किमी. अंतरावरचे ज्वालामुखीजन्य बेट. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौ. किमी., म्हणजे इंदूर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. राजधानी पोर्ट लुई. इंदुरात या बेटाची ओळख मुख्यतः लग्नानंतरच्या सहलीचे ठिकाण अशी आहे. फोटोंत पांढरी वाळू आणि निळे पाणी दिसते, ज्वालामुखी कुठेच दिसत नाही. तो पाहायचा तर किनाऱ्याकडे पाठ करून आत जावे लागते, आणि माळव्यातल्या माणसाला तिथला दगड अनोळखी वाटत नाही.

याचे कारण भूगर्भात आहे. भूवैज्ञानिकांचे सर्वसाधारण मत असे : आज मॉरिशसशेजारच्या रेयुनियाँ बेटाखाली असलेल्या तप्तबिंदूवरून (पृथ्वीच्या पोटातला तप्त शिलारस जिथून वर येत राहतो ती जागा) सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला. तेव्हा भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. माळवा हा त्याचा उत्तरेकडचा भाग. भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे सरकते तुकडे) पुढे सरकत राहिले, खालची भट्टी पेटतीच राहिली. तिच्या वाटेवर मालदीव आणि चागोस बेटांची रांग उठली, ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आले आणि सगळ्यांत शेवटी रेयुनियाँ. इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याचा कडा आणि मॉरिशसचे डोंगर एकाच चुलीवरचे. माळव्याची भाकरी फार आधी उतरली, एवढेच. मॉरिशसवरचा ज्वालामुखीही आता थंड आहे. रेयुनियाँवरचा पितों द ला फुर्नेझ (२,६३२ मी.) मात्र जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे.

पांढऱ्या वाळूचा ज्वालामुखीशी थेट संबंध नाही. ती प्रवाळ, शिंपले आणि चुनखडी साठवणारी शैवले यांचा चुरा आहे; प्रवाळ कुरतडणारे पोपटमासेही त्यात भर घालतात. बेटाला जवळपास चहूबाजूंनी प्रवाळभित्तीचे कडे आहे. लाटा त्याच्यावर फुटतात आणि आतले पाणी उथळ, शांत राहते. पश्चिमेचा फ्लिक-आँ-फ्लाक किंवा पूर्वेचा बेल मार हे किनारे त्याचीच देणगी. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री येथे हे कडे तुटते. तिथे समुद्र थेट काळ्या कड्यावर आदळतो, आणि या बेटाची हाडे कशाची आहेत ते तिथे कळते. पोहण्यासाठी ही जागा घातक आहे. खरोखर ज्वालामुखीची, काळी वाळू हवी असेल तर शेजारच्या रेयुनियाँवरील एतां-साले गाठावे.

ही पांढरी वाळू एके काळी बांधकामासाठी बेसुमार उपसली जाई. २००१ मध्ये उपशावर बंदी आली आणि तेव्हापासून काळा दगड क्रशरमध्ये दळून वाळू केली जाते. इंदूरच्या वेशीवरच्या गिट्टीच्या खाणी पाहिलेल्यांना हा खडखडाट वेगळा सांगायला नको. किनाऱ्यावरचे दुसरे मोठे संकट २०२० मधले : वाकाशिओ हे जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर चढले आणि सुमारे १,००० टन तेल पाण्यात सांडले.

आतल्या भागात क्युरपिप गावी त्रू-ओ-सेर हे ज्वालामुखीचे तोंड आहे : झाडीने भरलेला, तळाशी थोडे पाणी असलेला वाडगा. ग्राँ बासँ या दुसऱ्या विवरात तळे साचले आहे. १९७२ मध्ये त्यात गंगाजल ओतले गेले आणि ते गंगा तलाव झाले. महाशिवरात्रीला लाखो लोक पायी कावडी घेऊन तिथे येतात. समुद्रसपाटीपासून तळ्याची उंची सुमारे ५५० मी., इंदूरचीही जवळपास तेवढीच. योगायोगच, पण सांगावासा वाटतो.

शामारेलची ‘सात रंगांची माती’ हे सर्वाधिक गर्दीचे ठिकाण, आणि तिथे काय पाहतो आहोत हे फारच थोड्यांना ठाऊक असते. उष्ण, पावसाळी हवेत बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा हाच काळा दगड, कुजतो, विरघळणारी द्रव्ये वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात. त्यांच्या प्रमाणानुसार तांबडा, तपकिरी, जांभळट असे रंग येतात. कोकणातला जांभा याच प्रक्रियेतून होतो. माळव्यात पाऊस कमी, म्हणून त्याच जातीच्या दगडाची ओल धरून ठेवणारी काळी माती झाली आणि त्यावर गहू-हरभरा पिकला.

नैऋत्य टोकाचा ल मोर्न डोंगर (५५६ मी.) २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पळून आलेले गुलाम त्याच्या कड्यांत आश्रय घेत. गुलामगिरी संपत आली तशी १८३४ पासून भारतातून करारावर मजूर नेले जाऊ लागले. उसाच्या मळ्यांत आजही काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग उभे दिसतात. जमीन लागवडीखाली आणण्यासाठी आधी गुलामांनी, मग या मजुरांनी ते हाताने वेचले. सहलीच्या बसमधून ते नुसते मागे पडतात. आपल्या मते बेटावरचे सर्वांत बोलके दृश्य तेच. या मजुरांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. इंदुरात मराठी होळकरांच्या फौजेबरोबर आली, तिथे ऊसमळ्याच्या कराराबरोबर. घरात आता बहुधा क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली बोलली जाते, तरी गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि विसर्जन समुद्रात होते.

तिथले ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा आणि चक्रीवादळांचा काळ. मे ते ऑक्टोबर गार, पण आग्नेयेकडून वारा असतो, त्यामुळे त्या दिवसांत पश्चिम आणि उत्तर किनारा बरा. इंदूरहून मुंबईमार्गे जातात. मे महिन्याची शाळेची सुट्टी या गार काळात नेमकी बसते. उथळ पाण्यात चपला घालूनच उतरावे : दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश तळाशी पडून असतो, आणि काळा दगड ओळखीचा म्हणून त्यावर पाय ठेवणाऱ्याला तो फरक कळत नाही.