समलिंगी जीवनावरील चित्रमालिका

गे आणि लेस्बियन माणसांचे रोजचे जगणे, म्हणजे त्यांचे संसार, रुसवेफुगवे, घरभाडे, नोकऱ्या आणि नातेवाईक, हा विषय घेऊन नियतकालिकांतून क्रमशः चालणाऱ्या हास्यचित्रमालिका. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत १९८० च्या दशकात आकाराला आला. त्याआधीच्या विनोदी चित्रांत समलिंगी माणूस दिसे तो बहुधा टिंगलीपुरता; त्याचे ‘तसे’ असणे हाच विनोद. या मालिकांत मात्र पात्रे गे आहेत हे पहिल्या चौकटीआधीच गृहीत धरलेले असते आणि हसू येते ते उशा कोणी पळवल्या, भांडी कोणी घासायची यावर.

अमेरिकेतील कॉमिक्स-प्रकाशकांनी १९५४ मध्ये स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेत ‘लैंगिक विकृती’च्या चित्रणाला बंदी होती आणि समलिंगी प्रेम त्यातच मोजले जाई. ही अट १९८९ पर्यंत टिकली. त्यामुळे सुरुवात झाली ती संहितेबाहेरच्या ‘अंडरग्राउंड’ कॉमिक्समधून. १९७२ मध्ये चित्रकार ट्रिना रॉबिन्स यांनी एका लेस्बियन मुलीची छोटी चित्रकथा काढली. मेरी विंग्ज यांना ती बाहेरून पाहून सांगितलेली वाटली, म्हणून त्यांनी १९७३ मध्ये ‘कम आउट कॉमिक्स’ स्वतःच काढून छापले. १९८० मध्ये प्रकाशक डेनिस किचन यांनी ‘गे कॉमिक्स’ सुरू केले आणि संपादनासाठी हॉवर्ड क्रूझ (१९४४–२०१९) यांना बोलावले. अलाबामातील एका धर्मोपदेशकाच्या या मुलाने स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही चित्रकारांना त्यात आवर्जून जागा दिली.

पण कॉमिक्सचा अंक कधीतरी निघणार. ठरलेल्या दिवशी तीच माणसे पुन्हा भेटणे हा मालिकेचा खरा गुण, आणि त्याला वृत्तपत्रच लागते. ते पुरवले समलिंगी समाजाच्या स्वतःच्या पत्रांनी. लॉस एंजेलिसमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या ‘द अ‍ॅडव्होकेट’मध्ये १९८३ पासून क्रूझ यांची ‘वेंडेल’ ही मालिका येऊ लागली. वेंडेल ट्रूप हा भाबडा, उत्साही तरुण. त्याचा जोडीदार ऑली घटस्फोटित, जरा बिचकणारा. आणि ऑलीचा लहान मुलगा फार्ली. दोन बाप आणि एक पोर असे हे घर चितारले गेले तेव्हा अशा कुटुंबाला कायद्यात नावही नव्हते. तो राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा काळ होता आणि त्याच पत्राची इतर पाने एड्सच्या बातम्यांनी भरलेली असत. क्रूझ यांनी तो आजार आणि त्याची भीती मालिकेबाहेर ठेवली नाही, पण वेंडेलला नुसता शोकाचा वाहकही होऊ दिले नाही. त्याच्या घरात हसणे, प्रणय आणि किरकोळ कटकटी चालूच राहिल्या. मालिका १९८९ मध्ये थांबली.

याच १९८३ साली ‘वुमनन्यूज’ या न्यूयॉर्कच्या स्त्रीवादी पत्रात अ‍ॅलिसन बेक्डेल यांची ‘डाइक्स टू वॉच आउट फॉर’ सुरू झाली. शीर्षकातला ‘डाइक’ हा लेस्बियन स्त्रियांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द. त्याच स्त्रियांनी तो स्वतःहून मिरवायला घेतला. आरंभी सुटी चित्रे होती, १९८७ पासून ठरावीक पात्रे आली: पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालणारी, जगाची सारी चिंता स्वतःच्या डोक्यावर घेणारी मो, वकील क्लॅरिस, तिची हिशेबतपासनीस जोडीदार टोनी आणि पुढे त्यांचा मुलगा राफी. बेक्डेल स्वतःच वेगवेगळ्या छोट्या पत्रांना मालिका पुरवत. चौकटीच्या कोपऱ्यात रेडिओ बोलत असतो, टेबलावर त्या आठवड्याचे वर्तमानपत्र पडलेले असते. पात्रांचा काळ आणि वाचकांचा काळ एकच. आपला चिंटू वर्षानुवर्षे शाळकरीच राहिला, राफी मात्र जन्मला आणि वाचकांच्या देखत मोठा झाला. मो काम करायची ते स्त्रियांचे पुस्तकाचे दुकान बड्या साखळी-दुकानांपुढे आणि ऑनलाइन विक्रीपुढे बंद पडले व ती ग्रंथपाल झाली. क्लॅरिस आणि टोनी यांचा संसार आधी स्थिरावला, मग विस्कटला. २००८ मध्ये बेक्डेल यांनी मालिका थांबवली. तिच्यातील १९८५ चा एक भाग तिच्याहूनही प्रसिद्ध आहे: एक मैत्रीण सांगते की ज्यात किमान दोन स्त्रिया आहेत, त्या एकमेकींशी बोलतात आणि पुरुषाखेरीज कशाबद्दल तरी बोलतात, असाच चित्रपट ती पाहते. हीच पुढे ‘बेक्डेल कसोटी’ म्हणून रूढ झाली. कल्पना मात्र लिझ वॉलेस या मैत्रिणीची, असे बेक्डेल स्वतःच सांगतात.

मोठ्या खपाच्या दैनिकांत समलिंगी पात्र यायचे ते एखादी घटना म्हणून. गॅरी ट्रूडो यांच्या ‘डून्सबरी’त अँडी लिपिनकॉट १९७६ मध्ये आला तो आपण गे असल्याचे सांगायला, आणि १९९० मध्ये एड्सने गेला. कॅनडाच्या लिन जॉन्स्टन यांनी १९९३ मध्ये ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’मधल्या लॉरेन्स या शेजारच्या मुलाला आईवडिलांपुढे खरे बोलायला लावले, तर अनेक दैनिकांनी ते भाग छापले नाहीत आणि काहींनी मालिकाच बंद केली. पुढच्याच वर्षी त्या पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत होत्या. दोन्ही कामे धीराची आणि हृद्य आहेत. पण अँडीला किंवा लॉरेन्सला कंटाळवाणा मंगळवार वाट्याला आला नाही. तो वेंडेलला मिळाला.

जर्मनीत राल्फ क्योनिग (जन्म १९६०) यांनी बटाट्यासारख्या नाकांची माणसे काढून हा विषय सर्वांच्या घरात नेला. त्यांचे कोनराड आणि पॉल हे जोडपे, एक हळवा पियानो-शिक्षक आणि दुसरा बेलगाम, वर्षानुवर्षे एकमेकांना सहन करत आले आहे. त्यांच्या १९८७ च्या एका कॉमिकवरील चित्रपट १९९४ मध्ये जर्मनीत तुफान चालला.

भारतात समलिंगी समाजाचे पत्र म्हणून ‘बॉम्बे दोस्त’ अशोक राव कवी यांनी मुंबईतून १९९० मध्ये सुरू केले. चित्रांतून सांगण्याच्या वाटेवर महत्त्वाचे नाव गोवा कला महाविद्यालयात शिकलेल्या अमृता पाटील यांचे. त्यांची ‘कारी’ (२००८) ही मालिका नव्हे, सलग चित्रकादंबरी आहे. पण धुरकट महानगरातली जाहिरात-संस्थेची नोकरी, दाटीवाटीचे भाड्याचे घर, त्यातल्या मैत्रिणी आणि हातून सुटलेली प्रेयसी, हा ऐवज रोजच्या जगण्याचाच आहे.

समलिंगी समाजाची छापील पत्रे रोडावली तशी नवी मालिका इंटरनेटवर गेली. ब्रिटनच्या अ‍ॅलिस ऑसमन यांची दोन शाळकरी मुलांची ‘हार्टस्टॉपर’ २०१६ मध्ये तिथेच सुरू झाली, पुस्तके नंतर आली. जपानमध्ये मात्र छापील साप्ताहिकाचा आधार टिकून आहे. फुमी योशिनागा यांची ‘किनो नानी ताबेता?’, म्हणजे ‘काल काय जेवलास?’, ही मालिका ‘मॉर्निंग’ या साप्ताहिकात २००७ पासून चालू आहे. वकील शिरो संध्याकाळी सवलतीची भाजी शोधत घरी येतो, महिन्याचा खाण्याचा खर्च ठरलेल्या रकमेत (सुरुवातीला २५,००० येन) बसवायचा म्हणून हिशेब करतो आणि केशकर्तनालयात काम करणाऱ्या केंजीला रांधून वाढतो. कोथिंबीर निवडण्याइतक्या निवांतपणे पाककृती सांगितलेली असते. इथेही वय थांबत नाही: पहिल्या भागात शिरो ४३ वर्षांचा होता, आता तो साठीच्या घरात आहे.