कॅटेगरी कोणती टाकायची? फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

आमच्या सेंटरवर जेईई, नीट आणि नंतरच्या काउंसलिंगचे (सीट वाटपाचे) फॉर्म भरले जातात. फोटो, सही, फीस हे सगळं पटकन होतं, गाडी अडते ती कॅटेगरीच्या कॉलमवर. काका म्हणतात ओबीसी, मुलगा म्हणतो जनरल, आणि आजी फोनवरून सांगते की पुण्याच्या आत्याच्या मुलाला तर एनटी (भटक्या जमातींची महाराष्ट्रातली कॅटेगरी) मिळालं होतं. तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण कॅटेगरी नुसत्या जातीवर ठरत नाही, सीट कोण देतंय त्यावरही ठरते. म्हणून इंदूरच्या आपल्या मराठी घरांसाठी हे माहितीपत्रक काढलंय, घरी आरामात वाचा आणि मगच या.

सीट केंद्राची की राज्याची

आयआयटी, एनआयटी, एम्स आणि सरकारी मेडिकल कॉलेजातल्या ऑल इंडिया कोट्याच्या १५ टक्के सीटा, इथे केंद्राचा हिशोब चालतो: एससी १५, एसटी साडेसात, ओबीसी नॉन क्रीमी लेयर (ओबीसीतली वरच्या पदांची आणि जास्त कमाईची घरं, म्हणजे क्रीमी लेयर, सोडून बाकीची) २७ आणि ईडब्ल्यूएस (आरक्षण नसलेल्या जातींतली कमी उत्पन्नाची घरं) १० टक्के. इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजच्या बाकीच्या ८५ टक्के सीटा किंवा एसजीएसआयटीएस या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं राज्याचं काउंसलिंग आलं की मध्य प्रदेशचा हिशोब सुरू होतो, तिथे एससी १६ आणि एसटी २० टक्के. राज्याच्या ओबीसीचं म्हणाल तर १४ चे २७ करायचा कायदा २०१९ मध्ये झाला आणि तेव्हापासून प्रकरण कोर्टात फिरतंय, त्यामुळे तो आकडा आमच्याकडून ऐकण्यापेक्षा त्या वर्षीच्या काउंसलिंगच्या रूल बुकमध्येच बघायचा. राज्याच्या रिझर्वेशनसाठी इथलं मूल निवासी (इथले रहिवासी असल्याचं) सर्टिफिकेटही लागतं.

एकच जात, यादी वेगळी

धनगर समाज घ्या, होळकरांचं गाव म्हटल्यावर हे उदाहरण आधी यायलाच पाहिजे. महाराष्ट्रात तो एनटी-सी मध्ये येतो, तिथे त्याला साडेतीन टक्के आहेत. आपल्या मध्य प्रदेशात तोच समाज ओबीसी, आणि केंद्राच्या फॉर्ममध्ये एनटी नावाचा कॉलमच नाही, तिथेही ओबीसीच टाकायचं. मराठा समाजाला महाराष्ट्राने २०२४ च्या कायद्याने एसईबीसीचं (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचं) १० टक्के आरक्षण दिलं, पण ते महाराष्ट्रापुरतं. इंदूरचा मराठा मुलगा केंद्राच्या आणि मध्य प्रदेशच्या फॉर्ममध्ये जनरल, आणि उत्पन्न बसत असेल तर ईडब्ल्यूएस. धोबी समाजाचं तर एकाच राज्यात दोन प्रकार: भोपाळ, रायसेन आणि सिहोर या तीन जिल्ह्यांत एससी, इंदूरला ओबीसी. म्हणजे भोपाळच्या साडूच्या मुलाचं सर्टिफिकेट बघून आपला फॉर्म भरायचा नाही, हे लक्षात असू द्या.

महाराष्ट्रातून येऊन किती वर्षं झाली

हा प्रश्न आम्ही विचारतो तेव्हा लोकांना वाटतं उगाच चौकशी करतायत, पण सगळं त्यावरच आहे. एससीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५० ला कुटुंब कुठल्या राज्यात राहत होतं ते बघतात, आणि मध्य प्रदेशात ओबीसीसाठी १९८४ ची तारीख धरतात. घराणं तेव्हापासून इथलंच असेल तर आजोबांच्या शाळेचा दाखिल-खारिजचा उतारा, जमिनीचा किंवा घराचा जुना कागद शोधून ठेवा. रामबाग, नारायण बाग भागातल्या जुन्या घरांमध्ये असे कागद निघतात, फक्त माळ्यावर चढायला कोणी तयार नसतं.

वडील नोकरीसाठी नागपूर-जळगावहून नंतर आले असतील तर गोष्ट वेगळी. एससी-एसटीवाल्यांना आरक्षणाचा हक्क मूळ राज्यात मिळतो, दुसऱ्या राज्यात राहायला गेल्याने तिथल्या राज्य कोट्यात तो आपोआप चालत नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने १९९० मध्येच हे सांगून ठेवलंय. पण केंद्राच्या सीटेवर मूळ राज्याच्या आधाराने काढलेलं सर्टिफिकेट चालतं. म्हणजे तोच मुलगा आयआयटीत एससी आणि इथल्या राज्य काउंसलिंगमध्ये जनरल, असं होऊ शकतं, दोन्ही फॉर्म बरोबर.

आणि उलट्या बाजूनेही विचारतात, की पुण्याला शिकवायचंय तर महाराष्ट्राचं आरक्षण घेऊ का. तिथली कॅटेगरी तिथल्याच जात प्रमाणपत्रावर आणि त्याच्यासोबतच्या कास्ट व्हॅलिडिटीवर (जात पडताळणीच्या प्रमाणपत्रावर) मिळते, इथलं सर्टिफिकेट दाखवून नाही. मेडिकलला तर महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांसाठी १०वी-१२वीही तिथलीच बघतात, तेव्हा इंदूरला शिकलेल्या मुलाने ऑल इंडिया कोट्यावरच लक्ष ठेवलेलं बरं.

क्रीमी लेयरचा घोळ

सगळ्यात जास्त गैरसमज इथे. वर्षाच्या उत्पन्नाला ८ लाखांची लिमिट आहे हे सगळ्यांना पाठ झालंय, पण त्यात काय मोजायचं हे कोणी बघत नाही. आई-वडील सरकारी नोकरीत असतील तर पगार नाही, पद बघतात: दोघांपैकी एक जण थेट क्लास वन म्हणून लागला असेल, किंवा दोघंही थेट क्लास टू म्हणून लागले असतील, तर मूल क्रीमी लेयरमध्ये. वडील क्लास थ्री क्लार्क असतील आणि पगार ८ लाखांच्या वर गेला तरी नुसत्या पगारामुळे क्रीमी लेयर लागत नाही. शेतीचं उत्पन्नही या ८ लाखांत धरत नाहीत. घरभाडं, धंदा, व्याज हे धरतात, आणि एका वर्षाचं नाही, लागोपाठ तीन वर्षांचं बघतात. मुलाची स्वतःची कमाई यात येत नाही. प्रायव्हेट किंवा बँकेच्या नोकरीचं प्रकरण यापेक्षा किचकट आहे, त्यासाठी फॉर्म १६ घेऊन समोर बसूनच बोलू.

जातीचं सर्टिफिकेट एकदा काढलं की झालं, पण नॉन क्रीमी लेयरचं ताजं लागतं. आयआयटी-एनआयटीच्या जोसा काउंसलिंगमध्ये त्याच वर्षीच्या १ एप्रिलचं किंवा त्यानंतरचं मागतात, आणि तेही केंद्राच्या फॉर्मॅटमध्ये. लोक सेवा केंद्रातून मिळालेलं राज्याचं जाति प्रमाण पत्र तिथे लावून उपयोग नाही. एप्रिलमध्येच अर्ज टाकून द्या, रिझल्ट लागल्यावर सगळं इंदूर त्याच लाइनमध्ये उभं असतं.

ईडब्ल्यूएस

हे २०१९ पासून आहे आणि एससी, एसटी, ओबीसीमध्ये न येणाऱ्यांसाठी आहे. इथेही लिमिट ८ लाखच, पण मोजायची पद्धत एकदम वेगळी: पगार, शेती, धंदा सगळं धरायचं, आई-वडील, स्वतः मुलगा आणि १८ च्या आतली भावंडं सगळ्यांचं मिळून, मागच्या आर्थिक वर्षाचं. शिवाय केंद्राच्या नियमाने ५ एकर किंवा जास्त शेती, १००० चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट, किंवा शहरात १०० चौरस गजांचा प्लॉट असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, ईडब्ल्यूएस नाही. सुदामा नगरात वडिलोपार्जित घर आहे आणि पेन्शनवर घर चालतं, अशी कितीतरी कुटुंबं इथेच अडकतात. आम्हाला हा नियम फारसा पटत नाही, पण आमच्या पटण्याला कोण विचारतो. हे सर्टिफिकेटही दर वर्षी नवीन लागतं, आणि राज्याचं वेगळं, केंद्राचं वेगळं.

अजून एक, ईडब्ल्यूएसला सीट राखीव आहे, पण १२वीच्या मार्कांत सूट नाही. नीटला १२वीत फिजिक्स-केमिस्ट्री-बायोमध्ये जनरल आणि ईडब्ल्यूएसला ५० टक्के लागतात, एससी-एसटी-ओबीसीला ४०. जेईईनंतर एनआयटीला १२वीत ७५ टक्के किंवा बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये (वरच्या २० टक्के मुलांत) असणं ही अट, एससी-एसटी आणि दिव्यांगांना ६५. ओबीसीला इथे सूट नाही, ७५ च.

१२वी कुठून केली

एनआयटीत अर्ध्या सीटा होम स्टेटच्या, म्हणजे त्याच राज्यातल्या मुलांसाठी असतात आणि होम स्टेट मूल निवासीवरून नाही, १२वी ज्या राज्यातून पास झाली त्यावरून ठरतं. कोचिंगसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथूनच १२वी केली तर मॅनिटला, म्हणजे भोपाळच्या एनआयटीला, तुमचा मुलगा बाहेरचा झाला, त्याचं होम स्टेट राजस्थान. शाळा बदलायच्या आधी हा विचार करा. आयआयटीत होम स्टेट नसतंच.

कॅटेगरी टाकली की जनरलच्या सीटा बंद होतात अशीही भीती लोकांना असते. तसं नाही, रँक चांगला असेल तर ओपनची सीट मिळते. मध्य प्रदेशात सरकारी शाळेतून शिकलेल्यांसाठी एमबीबीएसमध्ये ५ टक्के वेगळ्या सीटा आहेत, त्यातल्या ओपन सीटा आरक्षित कॅटेगरीच्या मेरिटवाल्या मुलांना नाकारल्या गेल्या तेव्हा २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या मुलांच्या बाजूने निकाल दिला.

दिव्यांगांसाठी ५ टक्के प्रत्येक कॅटेगरीच्या आतच असतात, दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं.

येताना

१०वी-१२वीची मार्कशीट, मुलाचं आणि वडिलांचं जातीचं सर्टिफिकेट, मूल निवासी, समग्र आयडी (मध्य प्रदेशचा कुटुंबाचा आणि सदस्याचा नंबर) आणि आधार आणा. नावं आधी घरी जुळवून बघा, आपल्याकडे मधलं नाव एका कागदावर असतं आणि दुसऱ्यावर गायब, आडनावाचं स्पेलिंगही तीन प्रकारचं निघतं. लग्न झालेल्या ताईंनी वडिलांकडचं सर्टिफिकेट आणायचं, सासरचं नाही. आम्ही फॉर्म भरतो आणि कागद तपासून देतो, सर्टिफिकेट 'करवून' देत नाही, तेव्हा त्यासाठी कृपया विचारू नये.