पार्श्वभूमी: ओपन सोर्स ईएसबी आणि जेबीआयचा वाद

ओपन सोर्स ईएसबींची (एंटरप्राइझ सर्व्हिस बस, म्हणजे वेगवेगळ्या प्रणालींमध्ये संदेश पोहोचवणारं सॉफ्टवेअर) तुलना करताना म्यूल, सर्व्हिसमिक्स, डब्ल्यूएसओटू ईएसबी, जेबॉस ईएसबी, ओपनईएसबी ही नावं एका तक्त्यात बसवली जातात आणि सोप (वेब सर्व्हिसना संदेश पाठवण्याचा प्रोटोकॉल), जेएमएस (जावातल्या संदेशांच्या रांगा), एफटीपी (फाइल पाठवण्याचा प्रोटोकॉल) यांच्या रकान्यांत खुणा केल्या जातात. खुणा जवळपास सगळ्यांपुढे सारख्याच येतात. या प्रकल्पांच्या वाटा ज्या प्रश्नावर वेगळ्या झाल्या, तो प्रश्न २००५ सालचा आहे: जेबीआय हे जावाचं मानक पायाला घ्यायचं की नाही. तक्त्यात त्याला जागाच नसते.

त्याआधीचा काळ थोडक्यात. नव्वदच्या दशकातले, प्रणाली जोडणारे इंटिग्रेशन ब्रोकर महाग होते. एका विक्रेत्याचे जोडणीचे अ‍ॅडॅप्टर घेतले की सुटका नसे. २००० मध्ये सोप १.१ आलं, २००२ च्या सुमारास ईएसबी हे नाव रूढ होऊ लागलं, आणि जावाच्या जगात बससाठी एक मानक हवं अशी मागणी जोर धरू लागली.

ते मानक म्हणजे जेबीआय (जावा बिझनेस इंटिग्रेशन), जावाच्या मानक-प्रक्रियेतला प्रस्ताव जेएसआर २०८. ऑगस्ट २००५ मध्ये ते अंतिम झालं. कल्पना चांगली होती: कुणीही लिहिलेला घटक कुणाच्याही बसवर चालावा. मध्ये संदेश इकडून तिकडे पोहोचवणारा नॉर्मलाइज्ड मेसेज राउटर. बाहेरच्या प्रोटोकॉलशी बोलायला बाइंडिंग कंपोनंट. रूपांतर किंवा बीपेलसारख्या (प्रक्रियेच्या पायऱ्या लिहिण्याची भाषा) कामांना सर्व्हिस इंजिन. सर्व्हिसमिक्स, ओपनईएसबी आणि पेटल्स यांनी हाच पाया धरला. म्यूलने मात्र विचारपूर्वक नाकारला.

म्यूलचा मुख्य आक्षेप एक्सएमएलवर (टॅगमध्ये माहिती मांडणारं स्वरूप) होता, आणि तो माझ्या मते रास्तच होता. जेबीआयच्या राउटरमधून जाणारा मजकूर एक्सएमएल असणं गृहीत आहे. एफटीपीवर आलेली साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुराची) फाइल जेएमएस रांगेत टाकायची असेल, तर ती आधी एक्सएमएलमध्ये बदला, नाहीतर संदेशाला अटॅचमेंट म्हणून जोडा. म्यूलमध्ये संदेशाचा पेलोड (आतला मजकूर) म्हणजे कोणताही जावा ऑब्जेक्ट. फाइल जशी आली तशी पुढे जाते. पॅकेजिंगचा त्रास वेगळाच. त्याच कामासाठी जेबीआयमध्ये एफटीपीच्या बाजूची एक सर्व्हिस युनिट झिप, रांगेच्या बाजूची दुसरी, दोन्ही पोटात घेणारी सर्व्हिस असेंब्ली झिप आणि प्रत्येकात आपापली जेबीआय डॉट एक्सएमएल. एका फोल्डरचं नाव बदललं तरी हे सगळं पुन्हा बांधून चढवायचं. वेब सर्व्हिस हेच मुख्य काम असेल तिथे एक्सएमएलची सक्ती जाचत नसे, हेही मान्य करायला हवं. ओपनईएसबीचं बीपेल इंजिन अशा ठिकाणी शोभून दिसे.

पण मानकाला बळ मिळतं ते सगळे मोठे विक्रेते मागे उभे राहिले तर. दोन बड्या कंपन्या जेबीआयपासून दूर राहिल्या आणि नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांनी इतरांसह एससीए (सर्व्हिस कंपोनंट आर्किटेक्चर) हा वेगळा प्रस्ताव पुढे आणला. घटकांची खुली बाजारपेठ उभीच राहिली नाही. जेबीआय २.० साठीचा जेएसआर ३१२ पूर्णत्वाला गेला नाही. सर्व्हिसमिक्सनेही चौथ्या आवृत्तीत पाया बदलून ओएसजीआय (जावाचे सुटे घटक चालवण्याची चौकट) घेतला. २०१० मध्ये ओपनईएसबीची मूळ कंपनी विकली गेली आणि प्रकल्प स्वयंसेवकांच्या हाती आला.

दरम्यान २००७ मध्ये कॅमल आलं. कॅमल म्हणजे ईएसबी नव्हे, राउटिंगची, म्हणजे संदेशांची वाट ठरवण्याची, लायब्ररी. तरी तुलनेत ते हटकून येतं, कारण नंतरचा सर्व्हिसमिक्स बराचसा त्याच्याच जोरावर चालला. वरचं सीएसव्हीचं काम कॅमलमध्ये 'फ्रॉम' आणि 'टू' अशा एका ओळीत बसतं. डब्ल्यूएसओटू ईएसबीची वाट तिसरीच: ते सिनॅप्स या एक्सएमएल मध्यस्थावर उभं होतं आणि जेबीआयच्या वादात पडलंच नाही. सोप प्रॉक्सीसाठी (सेवेच्या पुढे उभं राहणारं मध्यस्थाचं काम) ते सरस ठरलं, त्याचं मूळ इथे आहे.

पुढे परवान्यांनी चित्र आणखी बदललं. सर्व्हिसमिक्स, कॅमल आणि सिनॅप्स अपाची २.० या मोकळ्या परवान्याखाली राहिले. म्यूलची मोफत आवृत्ती सीपीएएल या ओपन सोर्स परवान्याखाली, तर बऱ्याच सोयी फक्त सशुल्क आवृत्तीत. २०१८ मध्ये म्यूलची कंपनी सुमारे ६.५ अब्ज डॉलरला विकली गेली. जेबॉस ईएसबीची जागा स्विचयार्ड या प्रकल्पाने घेतली. त्याच्या पोटातही कॅमलच होतं.