मत्स्यटाकीचे सायकलिंग

नव्या काचेच्या टाकीत मासे सोडण्यापूर्वी, माशांच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करू शकतील अशा सूक्ष्मजीवांची वसाहत टाकीत मुद्दाम वाढवून घेण्याच्या क्रियेला सायकलिंग म्हणतात. हा शब्द नायट्रोजन चक्रावरून आलेला असून मासे पाळणाऱ्यांच्या बोलण्यात तो ‘टँक सायकल करणे’, ‘सायकल पूर्ण होणे’ अशा रूपांत रुळलेला आहे. ‘पाणी एक दिवस मुरू द्या आणि मासे सोडा’ हा दुकानात सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे सायकलिंग नव्हे. एका दिवसात नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जातो, इतकाच त्या मुरण्याचा उपयोग. फिल्टर महिनाभर नुसता चालू ठेवला तरीही, अमोनियाचा पुरवठा नसेल तर या सूक्ष्मजीवांना खाद्यच मिळत नाही आणि टाकी पहिल्या दिवशी होती तशीच कोरी राहते.

रासायनिक प्रक्रिया : मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे आणि अखंड सोडत असतो. उरलेले खाद्य, विष्ठा आणि कुजणारी पाने यांमुळे त्यात भर पडते. तळ्यातील माशाच्या वाट्याला जेवढे पाणी येते त्याच्या मानाने 60 लिटरच्या टाकीतले पाणी नगण्य असल्यामुळे टाकीत हा अमोनिया काही दिवसांतच घातक पातळीला पोहोचतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो : अमोनियम आयन, जो त्या मानाने निरुपद्रवी आहे, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांना इजा करतो. या दोहोंचे प्रमाण पाण्याचा सामू (पीएच) आणि तापमान यांवर ठरते. 25 अंश सेल्सिअस तापमानाला आणि 7 सामूला एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो, तर सामू 8 झाला की हे प्रमाण 5 टक्क्यांच्या वर जाते. एकाच आकड्याचा अमोनिया एका टाकीत सोसला जातो आणि दुसऱ्या टाकीत मासे मारतो, त्याचे कारण हेच.

सूक्ष्मजीवांचा एक गट अमोनियाचे ऑक्सिडीभवन करून नायट्राइट बनवतो आणि दुसरा गट नायट्राइटपासून नायट्रेट बनवतो. नायट्राइटही विषारीच असते. कल्ल्यांतून ते रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करून त्याची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती हिरावून घेते. रक्त तपकिरी पडते, आणि पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतानाही मासा पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत राहतो. पाण्यातील क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवते, म्हणून अशा वेळी अल्प प्रमाणात मीठ घालण्याचा उपाय केला जातो. नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य असते. वनस्पती ते शोषतात आणि उरलेले पाणी बदलून काढता येते.

या साखळीतील आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत, कारण चाचणीत दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा त्यांतून होतो. वजनाच्या हिशेबाने 1 भाग अमोनियापासून सुमारे 2.7 भाग नायट्राइट आणि शेवटी सुमारे 3.6 भाग नायट्रेट तयार होते. त्यामुळे 2 पीपीएम (दर लिटर पाण्यात 2 मिलिग्रॅम) अमोनियाच्या एकाच मात्रेने नायट्राइट 5 पीपीएमच्या पुढे जाऊ शकते, आणि काही बिघडले असावे असे समजून नवखा माणूस हैराण होतो. प्रत्यक्षात बिघडलेले काहीच नसते. ही प्रक्रिया ऑक्सिजनही पुष्कळ खाते : अमोनियातील 1 मिलिग्रॅम नायट्रोजनाचे नायट्रेट होताना सुमारे 4.57 मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो.

इतिहास : लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 च्या सुमारास काचेच्या पात्रात गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून, पाणी वारंवार न बदलताही जीव जगू शकतात हे दाखवले. वनस्पती ऑक्सिजन देतात आणि गोगलगाई कुजलेली पाने खातात, असे ‘समतोल टाकी’चे स्पष्टीकरण त्यातून रूढ झाले. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा वाटा त्या हिशेबात नव्हता. फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्यूंट्झ यांनी नायट्रीकरण, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट होणे, ही सजीवांकडून घडणारी क्रिया असल्याचे 1877 मध्ये सिद्ध केले. पुढे ही क्रिया दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जीवांकडून होते हे दाखवणाऱ्यांत इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्रातील कृषिरसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन होते, आणि ते त्याच मत्स्यटाकीवाल्या वॉरिंग्टन यांचे चिरंजीव. वडिलांच्या पात्रात जे मुकाट घडत होते त्याचे स्वरूप मुलाने शेतातल्या मातीचा अभ्यास करताना उलगडावे, हा योग विज्ञानाच्या इतिहासात विरळा म्हणावा लागेल. हे जीवाणू वेगळे करून वाढवण्याचे काम मात्र 1890 च्या सुमारास सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी केले.

नायट्रोसोमोनास अमोनियावर आणि नायट्रोबॅक्टर नायट्राइटवर काम करतो, अशी मांडणी त्यानंतर शंभर वर्षे चालली आणि छंदविषयक पुस्तकांत आजही तीच आढळते. ती आता अपुरी ठरली आहे. 1990 च्या दशकात गोड्या पाण्याच्या टाक्यांच्या तपासणीत नायट्राइटचे काम बहुतांशी नायट्रोस्पायरा हा जीवाणू करतो असे दिसून आले. 2005 मध्ये अमेरिकेतील सिॲटल मत्स्यालयाच्या एका टाकीतून वेगळा केलेला नायट्रोसोप्युमिलस हा जीव तर जीवाणूच नव्हे, आर्किया या निराळ्या गटातला निघाला. 2015 मध्ये अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायराही सापडले.

पद्धती : सर्वांत चांगली पद्धत म्हणजे मासे न सोडता, बाहेरून मोजून अमोनिया देण्याची. टाकीत वाळू, फिल्टर आणि हीटर बसवून पाणी भरावे, क्लोरीन काढून टाकावा (सोडियम थायोसल्फेटचे खडे ‘अँटिक्लोरीन’ म्हणून मिळतात) आणि एकूण अमोनिया 2 पीपीएम होईल इतकी मात्रा द्यावी. यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड सोयीचे पडते. भांड्यांना कल्हई करताना वापरतात तो नवसागर म्हणजे हेच रसायन. फक्त बाजारातला कल्हईचा नवसागर शुद्ध असेलच असे नाही, म्हणून प्रयोगशाळेत वापरतात तो घ्यावा. 100 लिटर पाण्याला 2 पीपीएमसाठी सुमारे 0.63 ग्रॅम लागतो. मात्रा 5 पीपीएमच्या वर नेऊ नये, कारण जास्त अमोनियात दुसऱ्या टप्प्यातील जीवाणूंची वाढ खुंटते. काही जण सोललेल्या कोळंबीचा तुकडा पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून टाकीत सोडतात. त्याने काम होते, पण अमोनिया किती सुटला हे हातात राहत नाही आणि घरात दुर्गंधी पसरते.

हे जीवाणू अतिशय मंद वाढतात. पोटातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना त्यासाठी अनेक तास, कधी दिवसभरही लागतो. म्हणूनच सायकलिंगला साधारणपणे चार ते सहा आठवडे जातात. 25 ते 30 अंश तापमान आणि हवेचा भरपूर पुरवठा असेल तर हा काळ कमी होतो. तो सर्वांत जास्त कमी होतो जुन्या, निरोगी टाकीतला फिल्टरचा वापरलेला स्पंज आणून नव्या फिल्टरमध्ये ठेवल्याने, कारण जीवाणू पाण्यात तरंगत नसतात. स्पंज, वाळू आणि दगड यांच्या पृष्ठभागावर बुळबुळीत थर करून राहतात. जुन्या टाकीचे नुसते पाणी आणून ओतल्याने फारसे काही साधत नाही. बाटलीतल्या जीवाणूंचा गुण साठवणीवर अवलंबून असतो, आणि उन्हाळ्यात कपाटावर महिनोन्‌महिने पडलेल्या बाटलीकडून अपेक्षा ठेवू नये.

प्रगती डोळ्यांनी कळत नाही. पाण्याचे थेंबांचे चाचणी संच घेऊन तीन परीक्षानळ्या भराव्या लागतात. सर्वाधिक वापरात असलेल्या संचांत अमोनिया नसेल तर नळी पिवळी राहते, असेल तर हिरवी होते. नायट्राइट नसेल तर आकाशी, असेल तर जांभळी. पहिला आठवडाभर अमोनियाची नळी रोज तितकीच हिरवी दिसते. मग एके दिवशी तिचा हिरवा रंग किंचित उतरलेला जाणवतो आणि त्याच दिवशी शेजारच्या नळीत जांभळी झाक आलेली असते. तिथून पुढे जांभळी नळी सर्वांत जास्त वाट पाहायला लावते. या मधल्या काळात पाणी दुधाळ होण्याचा संभव असतो, पण ती सेंद्रिय पदार्थांवर वाढणाऱ्या भलत्याच जीवाणूंची गर्दी असते आणि काही दिवसांत आपोआप निवळते. तशीच नितळ, आरसपानी टाकी अमोनियाने भरलेली असू शकते. 2 पीपीएमची मात्रा दिल्यापासून 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, म्हणजे सायकल पूर्ण झाली असे मानतात.

अडथळे : सायकल मध्येच थांबण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे पाण्यातील बायकार्बोनेटांचा साठा संपणे. नायट्रीकरणातून आम्ल तयार होते आणि 2 पीपीएमची प्रत्येक मात्रा दर लिटरमागे सुमारे 12 मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने) अल्कता, म्हणजे आम्ल निष्प्रभ करण्याची पाण्याची क्षमता, खाते. धरणाचे मृदू पाणी असेल तर चार-पाच मात्रांतच हा साठा आटतो, सामू 6 च्या खाली घसरतो आणि जीवाणूंचे काम जवळजवळ बंद पडते. आरओच्या पाण्यात तर हे फार लवकर होते. 100 लिटरमागे 2 ग्रॅम खाण्याचा सोडा एका मात्रेने झालेली ही तूट भरून काढतो. बोअरचे पाणी सहसा कठीण असल्याने तिथे ही अडचण येत नाही, पण शेतीच्या भागातील भूजलात खतांमुळे नायट्रेट आधीच असू शकते, म्हणून वापरण्याआधी नुसत्या पाण्याची चाचणी घेऊन तो आकडा टिपून ठेवावा.

मासे ठेवून सायकलिंग : झेब्रा डॅनिओसारखे काटक मासे टाकीत सोडून त्यांच्याच अमोनियावर जीवाणू वाढवण्याची जुनी चाल अजून प्रचारात आहे. काटक मासा मरत नाही याचा अर्थ त्याला त्रास होत नाही असा नव्हे. त्याचे कल्ले पोळतात आणि त्याची हानी पुढेही राहू शकते. दुसरा मार्ग उपलब्ध असताना ही चाल समर्थनीय नाही. ज्यांनी अजाणता मासे आधीच आणले आहेत त्यांनी खाद्य अगदी कमी करावे, रोज चाचणी घ्यावी आणि अमोनिया किंवा नायट्राइट अर्धा पीपीएमच्या जवळ गेले की क्लोरीन काढलेले ताजे पाणी घालून ते खाली आणावे. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती दाट लावल्यास त्या अमोनियम थेट शोषून घेतात. त्यामुळे अशा टाकीत मोजके मासे बऱ्याच कमी धोक्यात राहतात. समुद्री टाक्यांत हेच काम सच्छिद्र ‘जिवंत खडकां’वर, म्हणजे सूक्ष्मजीव वसलेल्या समुद्री खडकांवर, होते.

मासे सोडताना : सायकल पूर्ण झाल्यावर साचलेले नायट्रेट काढण्यासाठी निम्म्याहून अधिक पाणी बदलतात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत मासे आणतात, कारण खाद्यावाचून जीवाणूंची वसाहत कमी होऊ लागते. मासे एकदम न आणता थोडे थोडे आणावेत. फिल्टरमधील स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण क्लोरीनयुक्त पाण्याची एक धार आठवड्यांची वाढ मारू शकते. पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच तो हलक्या हाताने पिळावा. वीज गेल्यावर बंद डब्याच्या फिल्टरमधील ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि आतले जीवाणू मरू लागतात. त्यामुळे जिथे तासन्‌तास वीज जाते तिथे स्पंज फिल्टर आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवणे श्रेयस्कर. बराच वेळ बंद राहिलेला डबा पुन्हा सुरू करताना आतले सडके पाणी आधी बाहेर ओतून द्यावे, आणि पुढचे काही दिवस अमोनियाची नळी रोज पाहावी.