घाटरस्ते व सागरी रस्ते : सोलापूरहून

डोंगराची धार ओलांडण्यासाठी वळणे घेत चढणाऱ्या वा उतरणाऱ्या रस्त्याला घाटरस्ता म्हणतात, तर समुद्रकिनाऱ्याच्या कडेने खाड्या आणि डोंगरटोके पार करत जाणारा रस्ता सागरी रस्ता म्हणून ओळखला जातो. हे दोन्ही प्रकारचे रस्ते माल आणि माणसे यांच्या ने-आणीसाठी तयार झाले. रस्त्याचा आनंद हाच हेतू ठेवून मोटार, मोटारसायकल किंवा सायकल घेऊन त्यांवर जाण्याची रीत मात्र अलीकडची, मुख्यतः विसाव्या शतकातली आहे. या नोंदीत सोलापूरहून निघणारा प्रवासी नजरेसमोर ठेवला आहे. मुंबईकराला सह्याद्रीचा घाट आधी चढावा लागतो. सोलापूरकराला तो आधी उतरावा लागतो आणि चढ परतीच्या दिवशी, थकलेल्या अंगाने व तापलेल्या इंजिनाने पार करावा लागतो. घाटाच्या वर्णनांत हा फरक सहसा दुर्लक्षित राहतो.

भूरचना : दख्खनच्या पठाराचा सर्वसाधारण कल पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर वसले आहे, कोल्हापूर सुमारे ५५० मीटरांवर, हुबळी सुमारे ६५० मीटरांवर. म्हणजे सोलापूर सोडून दोन-तीनशे किलोमीटर गेल्यावरही प्रवासी फार तर दोनशे मीटर वर आलेला असतो आणि तेही इतक्या सावकाश, की आपण चढतो आहोत हे ध्यानातही येत नाही. त्यानंतर एकाएकी सह्याद्रीची पश्चिम कड लागते आणि मोजक्या किलोमीटरांत रस्ता पाचशे-सहाशे मीटर खाली कोकणात उतरतो. महाराष्ट्रातील सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. कठीण बेसॉल्ट आणि त्यामधले मऊ, पाणी धरून ठेवणारे पट्टे आलटून पालटून येत असल्याने डोंगराला पायऱ्या पडल्या आहेत. घाटरस्ता या पायऱ्यांवरच विसावत खाली येतो आणि दरडीही बहुधा मऊ पट्ट्यांच्या आसपासच सुटतात. बेळगावच्या दक्षिणेस हा बेसॉल्ट संपतो व त्याहून कितीतरी प्राचीन रूपांतरित खडक लागतात. दक्षिण कोकणात वरचा थर जांभ्याचा असतो.

इतिहास : सह्याद्री ओलांडणाऱ्या वाटा रस्त्यांपेक्षा फार जुन्या आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकालीन शिलालेख आहेत आणि माथ्यावरचा दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता असे परंपरा सांगते. सोलापूरच्या उत्तरेस, आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचा उल्लेख ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासवर्णनात आला आहे. चाकाच्या वाहतुकीला योग्य असा बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, खुला झाला. रेल्वेच्या इतिहासात घाटाची अडचण आणखी स्पष्ट दिसते. पठारावरची लोहमार्गाची कामे आधी उरकली आणि १८६० मध्ये गाडी सोलापूरपर्यंत आली; बोरघाटातला लोहमार्ग मात्र १८६३ मध्ये सुरू झाला. मधल्या काळात सोलापूरहून मुंबईला निघालेल्या प्रवाशाला खंडाळ्याला गाडी सोडून पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट उतरावा लागे आणि खाली पुन्हा गाडी धरावी लागे. कापसाच्या गाठींचीही तीच गत होती.

आखणी : घाटरस्त्याची अवघडता माथ्याच्या उंचीवरून ठरत नाही, ती चढाचे प्रमाण, वळणाची त्रिज्या आणि रस्त्याची रुंदी यांवरून ठरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार सपाट प्रदेशात नेहमीचा कमाल चढ ३.३ टक्के धरतात, म्हणजे तीस मीटर अंतरात एक मीटर. आपल्याकडच्या तीव्र उताराच्या डोंगराळ भागात तो ६ टक्के असतो, आणि अगदी नाइलाज असेल तेथे थोड्या अंतरापुरता ८ टक्क्यांपर्यंत नेता येतो. हेअरपिन वळणावर, म्हणजे रस्ता जवळजवळ उलट दिशेला फिरतो अशा वळणावर, आतल्या कडेची त्रिज्या किमान १४ मीटर असावी आणि ताशी २० किलोमीटर वेग गृहीत धरावा, असा संकेत आहे. वळणावर चाकांचे घर्षण वाढत असल्याने तेथे चढ थोडा कमी करतात. जुन्या घाटांत हे सगळे पाळलेले नसते आणि चालकाची कसोटी लागते ती तिथेच. इटलीतील स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता १८२० ते १८२५ या काळात बांधला गेला. २,७५७ मीटर उंचीच्या त्या माथ्यावर पोहोचण्यासाठी एका बाजूने ४८ हेअरपिन वळणे घ्यावी लागतात. आपल्या घाटांची उंची त्याच्या तुलनेत किरकोळ आहे. पण स्टेल्व्हिओ हिवाळ्यात बर्फामुळे बंदच असतो, तर सह्याद्रीतले बहुतेक घाट धो धो पावसातही चालू ठेवावे लागतात.

सोलापूरहून समुद्राकडे : सोलापूर हे मोठ्या महामार्गांच्या चौकात बसलेले शहर आहे आणि त्यांतले दोन महामार्ग दुसरा कोणताही रस्ता न धरता थेट किनाऱ्याला पोहोचवतात. पहिला, राष्ट्रीय महामार्ग १६६, मंगळवेढा, सांगोला, मिरज, सांगली, कोल्हापूर करत आंबा घाटाने रत्नागिरीला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या काळ्या रानातून निघालेला रस्ता सांगलीकडे उसात शिरतो, कोल्हापूरच्या पुढे भातखाचरे लागतात आणि मलकापूर ओलांडल्यावर झाडी दाट होते. आंबा गाव घाटमाथ्यावर आहे; तेथून विशाळगडाकडे फाटा फुटतो आणि मुख्य रस्ता साखरप्याला उतरतो. एका दिवसात पर्जन्यछायेतून ऐन पावसाच्या प्रदेशात नेणारा हा प्रवास निसर्गाच्या दृष्टीने या भागातला सर्वांत समृद्ध म्हणावा लागेल. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. घाट उतरला म्हणजे सपाटी आली, असे येथे होत नाही. साखरप्यापासून नाणीज, पाली, हातखंबा ते रत्नागिरी हा सारा टप्पा चढउतारांचा आहे आणि सायकलस्वाराचे पाय खरे तर तिथेच थकतात.

दुसरा मार्ग राष्ट्रीय महामार्ग ५२ चा. विजयपूर, हुबळी, यल्लापूर करत अरबैल घाटाने तो उत्तर कन्नड जिल्ह्यातील अंकोल्याला समुद्राजवळ पोहोचतो. यल्लापूरची उंची सुमारे ५४० मीटर, म्हणजे सोलापूरपेक्षा जेमतेम ऐंशी मीटर जास्त. त्यामुळे या प्रवासात चढ असा जवळजवळ लागतच नाही आणि शेवटी सगळी उंची एकदम उतरून टाकावी लागते. घाट जंगलातला आणि सुंदर आहे. मालमोटारींची वर्दळ मात्र फार असते आणि त्यांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाण्याची तयारी ठेवावी लागते.

महाराष्ट्रातले बाकीचे घाट थोडी वाट वाकडी करून गाठता येतात. कराडहून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली घाट कोयनानगरच्या परिसरातून जातो. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट प्रतापगडाच्या पायथ्याशी अरुंद आणि वळणांचा आहे. नवशिक्याने तो पहिल्याच खेपेला निवडू नये. भोर ते महाड जाणारा वरंधा घाट दरडींमुळे पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवतात. गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात, आणि एक बंद असला की दुसऱ्यावर सारा भार पडतो. सुमारे ६९० मीटर उंचीवरचे आंबोली राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी आहे. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी तेथे धबधब्यापेक्षा गाड्यांची रांगच अधिक पाहायला मिळते.

सोलापूरच्या घरचा घाट म्हणजे तुळजापूर घाट. शहराच्या उत्तरेला हिप्परगा तलावाच्या कडेने निघालेला रस्ता तामलवाडी मागे टाकतो आणि सुमारे ४५ किलोमीटरांवर बालाघाटाच्या डोंगररांगेवर चढून तुळजापुरात शिरतो. सह्याद्रीच्या मानाने हा चढ लहान असला, तरी आसपासच्या सपाट मुलखात सरावासाठी दुसरी चांगली जागा नाही. पहाटे निघून देवीचे दर्शन घेऊन ऊन चढण्याआधी परत येता येते. कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास भाविक सोलापूरहून तुळजापूरला पायी जातात आणि त्यांच्या गर्दीमुळे या मार्गावरची वाहतूक दुसरीकडे वळवतात, तेव्हा त्या दिवसांत वाहन वा सायकल घेऊन तिकडे जाऊ नये.

सागरी रस्ते : महाराष्ट्राची किनारपट्टी परंपरेने सुमारे ७२० किलोमीटर मानली जाते. तिच्या कडेने रेवस ते रेड्डी असा सागरी मार्ग राज्याने फार पूर्वी आखला, पण खाड्यांमुळे तो अखंड होऊ शकलेला नाही. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्या ओळीने आडव्या येतात. जेथे पूल नाही तेथे आतल्या बाजूने मोठा वळसा घ्यावा लागतो किंवा मोटारीसकट फेरीबोटीत चढावे लागते. दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ, वेसवी ते बागमांडला या फेऱ्या सागरी प्रवासाचा भागच झाल्या आहेत. पूल झाले की प्रवास जलद होईल हे खरे. तरी जेट्टीवर बोटीची वाट पाहण्यात जो वेळ जातो तो वाया गेला असे त्या वाटेने गेलेले फारसे कोणी म्हणत नाही.

किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो, हा पठारावरच्या माणसाचा नेहमीचा समज. प्रत्यक्षात दोन पुळणींच्या मध्ये जांभ्याचे टोक समुद्रात घुसलेले असते आणि रस्ता त्यावरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट माथ्यावर, चढून पुन्हा वाडीत उतरतो. एकेका चढाची उंची मोठी नसते, पण दिवसभराची बेरीज एखाद्या घाटाच्या तोडीची भरते आणि चढ आखूड असल्याने ते पुष्कळदा महामार्गावरच्या घाटापेक्षा उभे असतात. रत्नागिरी ते गणपतीपुळे हा आरे-वारे मार्गे जाणारा तुकडा आणि दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा तुकडा, हे दोन सर्वांत देखणे. कर्नाटकात मरवंथे येथे राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रेट ओशन रोड पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधला. कोकणातला सागरी मार्ग असा एका हाताने बांधलेला नाही. गावोगावचे रस्ते एकमेकांना जोडत तो झाला आहे. म्हणून तो कधी सुपारीच्या बागेच्या कुंपणाला खेटून जातो, तर कधी देवळाच्या दारातून.

वाहन चालवणे : घाट उतरताना वाहनाची उंचीमुळे साठलेली ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. दीड टन वजनाची मोटार पाचशे मीटर उतरते तेव्हा ही उष्णता सुमारे २३ लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी भरते. ती सगळी ब्रेकच्या तबकड्यांवर पडली तर पकड सुटते, आणि ‘ब्रेक फेल’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कित्येक घटनांमागे हेच कारण असते. उपाय जुनाच आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा आणि इंजिनाला वेग आवरू द्यावा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणे म्हणजे जिवाशी खेळ होय. रस्ता अरुंद असेल तेथे चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियम आहे. पठारावरून येणाऱ्या चालकाला हे विशेष लक्षात ठेवावे लागते, कारण जाताना तो उतरणारा असतो.

सायकलस्वाराचा हिशेब वेगळा असतो. स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन धरले, तर ६ टक्के चढावर ताशी १० किलोमीटर वेग राखण्यासाठी निव्वळ उंची मिळवण्यात सुमारे १३० वॅट शक्ती खर्च होते. पाऊण तास इतका जोर लावत राहणे निरोगी माणसाला सरावाने जमते, मात्र त्यासाठी मागच्या चाकाला जास्त दातांची मोठी चक्रे हवीत. सोलापूरच्या सपाटीवर मागच्या लहान चक्रांचीच सवय लागलेली असते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो आणि प्रेक्षकांत त्याला एकूण विजेत्याच्या खालोखाल मान असतो. ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या प्रकारात शर्यत नसते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत पूर्ण करायचे असतात. अशा प्रवासात सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी या वस्तू उपयोगी पडतात, कारण त्या चार दिवस टिकतात आणि पिशवीत चेपल्या तरी बिघडत नाहीत.

ऋतुमान : जून ते सप्टेंबर घाट सर्वांत सुंदर दिसतो आणि सर्वांत धोक्याचाही असतो. दरड कोसळण्याचा धोका घाटातच असतो असेही नाही. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूर येथे महामार्ग ६६ वर, गंगावळी नदीच्या काठी, मोठी दरड कोसळली. मार्च ते मे या महिन्यांत सोलापूरचे ऊन आणि कोकणातली दमट हवा दोन्ही सायकलस्वाराला असह्य होतात. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या दिवसांत हवा कोरडी, सकाळ थंड आणि दरीतले दृश्य स्वच्छ असते, पण हाच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. मोहोळ, मंगळवेढा, पंढरपूर या पट्ट्यात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात आणि त्यांतल्या अनेकांच्या मागे लाल दिवा किंवा परावर्तक पट्टी नसते. पहाटेच्या अंधारात सोलापूर सोडणाऱ्याला आंबा घाटातल्या कोणत्याही वळणापेक्षा असा ट्रॅक्टर अधिक घातक ठरू शकतो. म्हणून या हंगामात पहिले पन्नास-साठ किलोमीटर उजाडल्यावरच कापावेत.