लहान विमानतळावरची तपासणी स्वस्त का होत नाही?

मुंबईहून कोल्हापूरला किंवा जळगावला विमानाने जाणाऱ्यांपैकी अनेकांचा असा समज असतो की, तिथे दिवसाकाठी मोजकीच विमाने उतरत असल्याने सुरक्षा तपासणीवर फारसा खर्च होत नसावा. एकूण रक्कम मुंबईपेक्षा कमी असते हे खरे, पण दरडोई हिशेब मांडला की चित्र उलटे होते, आणि त्याचे एक मोठे कारण क्ष-किरण यंत्राच्या कार्यपद्धतीत आहे.

बॅगेतून जाताना किती किरण अडले एवढेच मोजले, तर पोलादाचा पातळ पत्रा आणि ॲल्युमिनियमची जाड पट्टी सारखीच गडद दिसू शकते, कारण जाडी आणि पदार्थ ही दोन अज्ञाते असतात आणि समीकरण एकच. म्हणून यंत्रात शोधकांचे (किरण मोजणाऱ्या संवेदकांचे) दोन थर एकामागे एक बसवतात. पुढचा थर मुख्यतः कमी ऊर्जेचे किरण टिपतो, तर मागच्या थरापर्यंत प्रामुख्याने जास्त ऊर्जेचे किरण पोहोचतात. कमी ऊर्जेला प्रकाशविद्युत परिणामाचा (अणूने किरण पूर्ण शोषून घेण्याचा) वाटा मोठा असतो आणि तो अणुक्रमांकाबरोबर (अणूतील प्रोटॉनांच्या संख्येबरोबर), साधारण त्याच्या घनाच्या प्रमाणात, झपाट्याने वाढतो; जास्त ऊर्जेला कॉम्प्टन परिणाम (इलेक्ट्रॉनांवर आदळून किरणांचे विखुरणे) वरचढ ठरतो, जो जवळजवळ केवळ इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर अवलंबून असतो. दोन्ही मापांच्या तुलनेतून पदार्थाचा सरासरी अणुक्रमांक काढता येतो, आणि त्यानुसार कार्बन (६) व ऑक्सिजन (८) यांनी बनलेले सेंद्रिय पदार्थ नारिंगी, ॲल्युमिनियम (१३) हिरवे आणि लोखंड (२६) निळे रंगवले जाते.

मात्र बहुतेक स्फोटकेही कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचीच असल्याने पडद्यावर ती पेढ्यांसारखी किंवा साबणासारखी नारिंगीच दिसतात. कडा, तारा, शेजारच्या वस्तू पाहून निर्णय माणसालाच घ्यावा लागतो, आणि माणसाचे लक्ष विचलित होते. युरोपीय संघाच्या नियमानुसार सलग २० मिनिटे प्रतिमा पाहिल्यावर तपासनिसाला किमान १० मिनिटे पडद्यापासून दूर ठेवतात. म्हणजे एका पडद्यामागे एक माणूस पुरत नाही. शिवाय अंगझडतीसाठी पुरुष व महिला कर्मचारी वेगळे लागतात, आणि संशयास्पद बॅग उघडून पाहणाराही लागतोच.

ही तुकडी सत्तर आसनांच्या एकाच विमानासाठीही उभी करावी लागते. एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत प्रवाशामागे सुरक्षा शुल्क २०० रुपये आहे. म्हणजे पूर्ण भरलेल्या विमानाचे १४,००० रुपये. वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी हाताळणाऱ्या मुंबईत तेच यंत्र दिवसभर चालत राहते, तर लहान गावी ते बराच वेळ बंद असते, पण पगार चालूच राहतात. २०१६ च्या 'उडान' या प्रादेशिक विमानसेवा योजनेत राज्यांनी पोलीस व अग्निशमन सेवा विनामूल्य पुरवायच्या आहेत. त्यामुळे खर्च कमी होत नाही, तो राज्याच्या तिजोरीवर जातो. माझ्या मते यंत्र स्वस्त होण्याची वाट पाहण्यापेक्षा उड्डाणे लागोपाठच्या तासांत आणणे अधिक उपयोगी ठरेल, कारण मग एकाच पाळीतली तुकडी दोन-तीन विमानांचे प्रवासी तपासू शकेल.